बीजिंगचा ससोबा म्युझियममध्ये पोचला, वऱ्हाडातली भुलाबाई कुठे आहे?

सोमवारी, ६ ऑक्टोबरला कोजागिरी झाली. अकोल्यात, अमरावतीत गच्च्यांवर दूध आटलं, चारोळी-वेलची पडली आणि ढगांनी जिथे जागा दिली तिथे सगळ्यांनी मोबाईल वर करून चंद्राचे फोटो काढले. त्या रात्री तुम्ही इन्स्टाग्राम जरा जास्त वेळ स्क्रोल केलं असेल तर आणखी एक गोष्ट दिसली असेल. चीन, तैवान, सिंगापूर, व्हिएतनामची माणसंही तोच चंद्र टाकत होती. सोबत कंदील, गोल गोल मूनकेक आणि सशाचे कान लावलेली लहान मुलं.

हा योगायोग नव्हता. चिनी पंचांगातला 'मध्य-शरद' सण, ज्याला इंग्रजीत मून फेस्टिव्हल म्हणतात, तोही यंदा ६ ऑक्टोबरलाच आला. कोरियातला 'छुसॉक'ही त्याच दिवशी होता. चीनमध्ये तर १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन आणि हा सण जोडून आठ दिवसांची सलग सुट्टी दिली होती.

या फोटोंमध्ये एक गोष्ट वारंवार दिसत होती, ती म्हणजे म्युझियम. आईबाप मुलांना घेऊन म्युझियममध्ये गेलेत. तिथे मुलं कंदील बनवतायत, मातीचा ससा रंगवतायत, कोडी सोडवतायत. आपल्याकडे म्युझियम म्हणजे शाळेच्या सहलीत रांगेनं जायचं, कशाला हात लावायचा नाही आणि बाहेर येऊन डबा खायचा. सणाच्या दिवशी घरच्यांना घेऊन कुणी म्युझियममध्ये जातं का? चीनमध्ये आणि चिनी माणसं जिथे जिथे गेली तिथे हे सर्रास होतं. ते कसं सुरू झालं आणि वऱ्हाडाचा त्याच्याशी काय संबंध, ते बघू.

आधी तारखेचं गणित

चिनी पंचांग आणि आपलं पंचांग, दोन्ही चंद्रावर चालतात आणि सूर्याशी जुळवून घ्यायला मधूनमधून जास्तीचा महिना घालतात. आपण त्याला अधिक मास किंवा धोंड्याचा महिना म्हणतो. साधारण १९ वर्षांत असे ७ महिने येतात. पण दोघांचा नियम थोडा वेगळा असल्यामुळे हा महिना एकाच वेळी येत नाही.

मध्य-शरद सण चिनी आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो. बहुतेक वर्षी ही आपली भाद्रपद पौर्णिमा असते, म्हणजे कोजागिरीच्या बरोबर एक महिना आधी. गेल्या वर्षी तसंच झालं होतं. त्यांचा सण १७ सप्टेंबरला, आपली कोजागिरी १६ ऑक्टोबरला. यंदा मात्र चिन्यांचा अधिक महिना जुलै-ऑगस्टमध्ये येऊन गेला आणि आपला अजून यायचाय. तो पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये, अधिक ज्येष्ठ म्हणून येईल. त्यामुळे त्यांचा आठवा महिना घसरत आपल्या आश्विनावर येऊन बसला. असं मोजक्याच वर्षी होतं. २०१७ मध्ये दोन्ही सण एका दिवसाच्या फरकानं आले होते.

ही माहिती लक्षात ठेवा, कारण भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी हा महिना वऱ्हाडात रिकामा नसतो. त्याबद्दल पुढे.

चंद्रावरचा ससा आणि मातीचा ससोबा

मध्य-शरद सणाची मूळ कल्पना सोपी आहे. पीक हातात आलंय, चंद्र पूर्ण गोल आहे, घरच्यांनीही गोल करून एकत्र बसायचं. मूनकेक गोल असतो तोही त्यासाठीच. कापून सगळ्यांना वाटायचा. कथा आहे छांग-अ नावाच्या स्त्रीची. तिनं अमरत्वाचं औषध घेतलं आणि ती चंद्रावर गेली. तिथे तिच्या सोबतीला एक ससा आहे, तो उखळात औषध कुटत बसलेला असतो.

चंद्रावर ससा म्हटल्यावर आपल्याला नवल वाटत नाही. संस्कृतात चंद्राचं एक नावच 'शशांक' आहे. जातककथेत एक ससा भुकेल्या पाहुण्यासाठी स्वतःला आगीत झोकून देतो आणि इंद्र त्याचं चित्र चंद्रावर काढतो. सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतात आला तेव्हा त्यानं वाराणसीच्या परिसरात ऐकलेली ही कथा लिहून ठेवली. हा तोच प्रवासी, जो पुढे महाराष्ट्रातही येऊन गेला. म्हणजे ससा इथून तिकडे गेला का? इतकं सरळ नाही. चीनमध्ये मावांगतुई इथल्या थडग्यात सापडलेल्या, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या रेशमी पटावरच्या चंद्रात बेडकासोबत ससाही आहे. तेव्हा 'सगळं आपल्याकडूनच गेलं' असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड करण्याआधी जरा थांबा. चंद्रावरचे डाग वर बघणाऱ्या कुणालाही दिसतात.

बीजिंगमध्ये या सशाचा एक खास अवतार झाला, 'तुअर ये'. 'ये' म्हणजे आजोबा किंवा मालक, आदरानं म्हणतात तसं. मराठीत आपण त्याला ससोबा म्हणू. कथा अशी, की एकदा शहरात साथ आली. छांग-अनं सशाला खाली पाठवलं. तो घरोघरी जाऊन औषध देत फिरला आणि घालायला कपडे नव्हते म्हणून मिळेल त्याचे कपडे उसने घेत गेला. म्हणून ससोबाची मातीची मूर्ती कधी चिलखत घातलेली, कधी वाघावर, कधी हत्तीवर बसलेली असते. चेहरा माणसाचा, ओठ सशाचा, वर दोन लांब कान. मिंग काळाच्या शेवटी ही मूर्ती आली आणि छिंग काळात बीजिंगच्या बाजारात तिचे ढीग लागू लागले. तिकडच्या जुन्या रीतीप्रमाणे चंद्राची पूजा बायकांनी करायची, पुरुषांनी नाही. पोरं बघून बघून तेच करायला लागली आणि ससोबा अर्धा देव, अर्धं खेळणं झाला.

लाओ शे या चिनी लेखकाच्या 'एका छपराखाली चार पिढ्या' या अर्थाच्या कादंबरीत जपान्यांच्या ताब्यातलं बीजिंग आहे. सण जवळ आलाय, बाजार ओस पडलाय आणि घरातला म्हातारा पतवंडांसाठी ससोबा शोधत फिरतोय. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यात ही मूर्ती बाजारातून जवळजवळ गेलीच. १९८० नंतर थोड्या कारागिरांनी ती पुन्हा घडवायला घेतली. आज बीजिंगच्या म्युझियममध्ये आणि वारसा केंद्रांत मध्य-शरद सणाला मुलांसमोर पांढरा ससोबा ठेवतात, बाजूला रंग. बसा, रंगवा, घरी घेऊन जा.

सण म्युझियममध्ये कसा गेला?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'चीननं आपली संस्कृती कशी जपली बघा' असं आपण चटकन म्हणतो. जपली नव्हती. १९६७ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, चीननं नववर्षाची सुट्टीच रद्द केली. जुन्या चालीरीती मोडायच्या, असा तो हुकूम होता. ती सुट्टी परत यायला १९८० उजाडलं. मध्य-शरद सणाला सरकारी सुट्टी तर २००८ पासून मिळते. त्याच वर्षी पितरांच्या स्मरणाचा छिंगमिंग आणि ड्रॅगन बोटींचा सणही सुट्टीच्या यादीत आले.

मधल्या काळात एक धक्का बसला होता. २००५ मध्ये दक्षिण कोरियातल्या कांगनुंग गावच्या 'तानो' सणाला युनेस्कोची मान्यता मिळाली. हा सण चिनी ड्रॅगन बोट सणाच्याच दिवशी येतो. 'आमचा सण कोरियानं नेला' असा चीनमध्ये मोठा गदारोळ झाला. त्यानंतर चीननं वारशाचं काम हाती घेतलं. २००९ मध्ये ड्रॅगन बोट सण युनेस्कोच्या यादीत गेला, डिसेंबर २०२४ मध्ये चिनी नववर्षही.

२००८ मध्ये आणखी एक निर्णय झाला. सरकारी म्युझियम लोकांसाठी टप्प्याटप्प्यानं मोफत करायची. आज चीनमध्ये सुमारे ७ हजार म्युझियम आहेत. सुट्टी मिळाली, म्युझियम फुकट आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये जागा नाही, आजी-आजोबा गावाला. मग सण करायचा कुठे? हा खरा प्रश्न होता आणि म्युझियमनं तो ओळखला. २०१९ च्या फेब्रुवारीत कंदील सणाला बीजिंगच्या राजवाड्याचं म्युझियम ९४ वर्षांत पहिल्यांदा रात्री सामान्य लोकांसाठी उघडलं. मोफत तिकिटांसाठी इतकी झुंबड उडाली, की वेबसाइट बंद पडली.

चीनबाहेर गोष्ट थोडी वेगळी आहे. सिंगापूरमध्ये सुन यात-सेन यांच्या स्मरणार्थ असलेलं नान्यांग स्मारक दरवर्षी मध्य-शरद उत्सव करतं. कंदील, कोडी, मुलांची कार्यशाळा, सगळं कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून आखलेलं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम चांद्र नववर्षाला कुटुंबांसाठी दिवसभराचा कार्यक्रम करतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये असा दिवस चिनी दूतावासाच्या सहकार्यानं झालेला आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलाला आजी भेटत नाही, शेजारी सण नसतो. तिथे म्युझियम हे आजीच्या घरासारखं होतं. पुण्याहून किंवा अकोल्याहून सिंगापूरला गेलेल्या मराठी घरांनाही हे माहीत आहे. त्यांची कोजागिरी मंडळाच्या हॉलमध्ये होते, आणि चंद्र बघायला पार्किंगमध्ये यावं लागतं.

'दूतावासाच्या सहकार्यानं' हे शब्द मात्र नजरेआड करू नका. मातीचा ससा रंगवणाऱ्या मुलाला त्याचं काही नसतं, पण देशाला असतं. सण हे प्रतिमा सुधारण्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे.

आणि ते कसं अंगावर येतं तेही पाहा. जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं कोरियन संगीताचा एक कार्यक्रम ठेवला आणि त्याची जाहिरात करताना ट्विटरवर 'कोरियन चांद्र नववर्ष' असं लिहिलं. झालं! हजारो चिनी अकाउंट तुटून पडले. नववर्ष आमचं, कोरियन कसं? म्युझियमनं ते ट्विट काढून टाकलं आणि नंतर एका चिनी चित्राचा फोटो टाकून 'चिनी नववर्ष' असा हॅशटॅग लावला. मग कोरियन लोक चिडले. जगातल्या सगळ्यात मोठ्या म्युझियमपैकी एक, आणि शब्दाला शब्द लागून दोन्हीकडून मार खाल्ला. सण म्युझियममध्ये आला की 'हा कुणाचा' हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

आपल्याकडचे चिनी, आणि वऱ्हाडचा कापूस

महाराष्ट्रात हा सण करणारी माणसं आहेत का? आहेत, थोडीच. मुंबईत माझगावला नवाब टँकजवळ १९१९ मध्ये बांधलेलं एक चिनी देऊळ आहे. दुमजली साधी इमारत, बाहेरून लाल रंग नसता तर ओळखूही येणार नाही. गोदीत आणि जहाजांवर काम करणारे चिनी लोक तिथे जमायचे. आजही नववर्षाला आणि मध्य-शरद सणाला मुंबईतली उरलेली चिनी घरं तिथे येतात.

उरलेली, असं म्हणायला कारण १९६२ चं युद्ध. त्या वेळी देशभरातल्या सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यातले अनेक जण इथेच जन्मलेले होते. ज्यांना डांबलं नाही त्यांच्यावर नजर होती. पुष्कळ जण देश सोडून गेले. त्या पिढीनं सण दार लावून केला. म्युझियममध्ये मिरवणं दूरच.

इकडे वऱ्हाडात चीन म्हणजे काय? चौकातली चायनीजची गाडी, तव्यावर मंचुरियन. मुंबईत १९७५ च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी हा पदार्थ पहिल्यांदा केला असं सांगतात आणि चीनमध्ये तो कुणालाच माहीत नाही. पण जुना धागा एक आहे, आणि तो खरोखरच धागा आहे. वऱ्हाडचा कापूस. १८६० च्या दशकात रेल्वे इथे पोचली आणि अकोला, अमरावती, खामगावच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या. मुंबईच्या गिरण्यांत त्याचं सूत व्हायचं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्या सुताचं मोठं गिऱ्हाईक होतं चीन. टाटांचं घराणं चीनच्या व्यापारात होतंच. त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. पुढे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला मिळाले, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला. त्यात चिनी मातीची भांडी, जेडच्या वस्तू, तपकिरीच्या इवल्याशा बाटल्या आहेत. मुंबईला गेलात तर वरच्या मजल्यावरची ती कपाटं चुकवू नका. वऱ्हाडातल्या वेचणीवाल्या बाईचा घाम त्या काचेमागे कुठेतरी आहेच, फक्त पाटीवर लिहिलेला नाही.

सध्याचा काळ जुळवाजुळवीचा आहे. १५ जून २०२० च्या गलवानच्या चकमकीत २० भारतीय जवान गेले. दोन आठवड्यांत टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद झाली. वऱ्हाडातल्या कितीतरी पोरापोरींचं स्टारपण त्या रात्रीत संपलं. पाच वर्षांनी, यंदाच्या जुलैपासून चिनी पर्यटकांना पुन्हा व्हिसा मिळू लागला आणि २६ ऑक्टोबरपासून कोलकाता ते ग्वांगचौ थेट विमान सुरू होतंय. तेव्हा 'चिनी सणाचं कौतुक कशाला?' हा प्रश्न कमेंटमध्ये येणार, मला माहीत आहे. सरकारशी भांडण असताना त्या देशातल्या लहान मुलांचा सण समजून घ्यायला हरकत नसावी. शिवाय मला त्यातून आपल्याबद्दल बोलायचंय.

काऊन बाप्पा, भुलाबाई म्हणजे काय?

तर, भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी. हा महिना वऱ्हाडात भुलाबाईचा. यंदा ती ७ सप्टेंबरला बसली, ज्या रात्री खग्रास चंद्रग्रहण दिसलं त्याच दिवशी. ६ ऑक्टोबरला उठली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, मांडीवर बाळ गणपती. मातीची रंगवलेली जोडी बाजारातून आणायची, पाटावर किंवा कोनाड्यात बसवायची. संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमतात, टिपऱ्या घेतात आणि एका घरून दुसऱ्या घरी जात गाणी म्हणतात. गाण्यांत सासर, माहेर, नणंद, दीर, रुसवे, दागिने आणि पोटभर थट्टा. भुलाबाई ही भिल्लिणीच्या रूपातली पार्वती, अशी एक उपपत्ती सांगतात. मला गोष्ट आवडते ती अशी, की देव महिनाभर माहेरी आलाय आणि पोरी त्याला घरातल्या सगळ्या भानगडी सांगतायत.

गाणी संपली की खाऊ. पण सरळ हातात नाही. घरची बाई डबा बंद करून आणते आणि हलवून दाखवते. आवाजावरून ओळखायचं आत काय आहे. गोड की तिखट, वाटलेलं की तळलेलं, विचारत विचारत यायचं. ओळखता आलं नाही तर हरलो म्हणायचं. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात, त्यात भुलाबाई बसते, खिरापतीचे कुठे ३२, कुठे ३३ प्रकार होतात आणि चांदण्यात जागरण. घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळायचं तेही त्याच रात्री.

आता चिनी सणाच्या बाजूला ठेवून बघा. पौर्णिमा तीच, हंगाम तोच. मातीची मूर्ती, अर्धी देव, अर्धं खेळणं. बायका-मुलींनी चालवलेली पूजा. आणि तिकडे कंदिलावर चिकटवलेली कोडी, इकडे डब्यातला खाऊ. कुणी कुणाकडून घेतलं असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. शेतीवर जगणाऱ्या दोन समाजांनी सुगीच्या चंद्राखाली मुलांना कसं रमवायचं, याची सारखी उत्तरं शोधली, एवढंच.

फरक पुढे आहे. ससोबाचं पुनरुज्जीवन झालं. भुलाबाई ओसरत चाललीय. पूर्ण गेलेली नाही. काही शाळा, महिला मंडळं एका दुपारी 'भुलाबाई महोत्सव' करतात, स्पर्धा ठेवतात, बक्षिसं देतात. पण गल्लीतला महिनाभराचा खेळ आणि स्टेजवरचा दोन तासांचा कार्यक्रम, यात फरक असतो. स्टेजवर खाऊ ओळखता येत नाही. माइकवर डबा हलवून बघा एकदा.

कारणं शोधायला दूर जावं लागत नाही. सहा वाजता पोरी ट्यूशनला असतात. फ्लॅटमध्ये कुणाच्या दारात वीस मुली उभ्या राहणार? गाणी पाठ असलेली आजी गावाला, आणि ती गेली की गाणीही तिच्यासोबत जातात. त्यात नवरात्रात दांडिया आला, जो दिसायला छान आणि ज्याचं तिकीटही लावता येतं. दोष देण्यात अर्थ नाही, दांडिया मीही खेळते.

एक तक्रार मात्र आहे. टीव्हीवर, पुस्तकात, रीलमध्ये या दिवसांतला मुलींचा सण म्हणजे 'भोंडला'. हस्त नक्षत्रातला, पाटावर हत्ती काढून फेर धरायचा तो. सुंदर आहे, वाद नाही. पण अमरावतीच्या मुलीला तिचाच सण 'विदर्भातला भोंडला' म्हणून समजावला जातो, तेव्हा मला ब्रिटिश म्युझियमवर चिडलेली माणसं आठवतात. त्यांच्या चिडण्याची पद्धत चुकीची होती. चिड समजते.

मग वऱ्हाडात म्युझियम कुठे?

इथे गाडी अडते. अकोला-अमरावतीच्या माणसाला 'मोठं म्युझियम' म्हटलं की नागपूरचा अजब बंगला आठवतो. १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि राजधानी नागपूर झाली, मग इथे सापडलेल्या वस्तूही तिकडेच गेल्या. अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनी गावात सापडलेल्या जैन धातुमूर्ती बघायच्या तर नागपूरला जावं लागतं. बुलडाण्यात सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात राज्य सरकारचं संग्रहालय आहे, पण तेही अकोल्याच्या मुलासाठी संध्याकाळी जाऊन येण्यासारखं नाही.

बरं, या सगळ्या ठिकाणी आहे काय? मूर्ती, शिलालेख, नाणी, तलवारी. राजे, देव आणि लढाया. घरातली बाई, तिची गाणी, पोरींचा खेळ यांना जागा नाही. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय याला मोठा अपवाद. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घराघरांतून अडकित्ते, दिवे, भांडी, खेळणी गोळा केली आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्याला दिला. वऱ्हाडातली पोळ्याची मातीची बैलं, भुलाबाई, जातं, उखळ, सुपं, बैलगाडीचं सामान यांचं असं काम इथे कुणी केलं असतं तर? अजून वेळ आहे, पण वस्तू भंगारात वेगानं जातायत.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. जिवंत सण म्युझियममध्ये नेणं म्हणजे त्याला काचेत बंद करणं नाही का? लोकांचं असताना ते सरकारचं, तिकिटाचं, प्रायोजकाच्या बॅनरचं होऊन जाईल. हा धोका खरा आहे. कोलकात्याची दुर्गापूजा २०२१ मध्ये आणि गुजरातचा गरबा २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, त्यानंतर त्यांचं पर्यटन वाढवायची घाई सगळ्यांनी पाहिली. पण हा आक्षेप ज्यांचा सण धडधाकट आहे त्यांना परवडतो. ज्या घरात गाणं म्हणणारी एकच म्हातारी उरलीय, तिथे 'काचेत बंद' की 'जिवंत' अशी निवडच नसते. सिंगापूरच्या आणि बीजिंगच्या उदाहरणातून मला घ्यावंसं वाटतं ते इमारतीचं भव्यपण नाही. संध्याकाळी उघडं असलेलं, फुकट, आजीसाठी खुर्ची आणि मुलांसाठी माती-रंग असलेलं एक ठिकाण, एवढंच त्यात कामाचं आहे.

हे करायला अकोल्यात किंवा अमरावतीत हजार कोटींचं स्मारक लागत नाही. जिल्हा ग्रंथालयाचं अंगण चालेल, महापालिकेच्या शाळेचा हॉल चालेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून 'म्युझियम ऑन व्हील्स' नावाची बस चालवली आणि शाळांच्या दारात वस्तू नेल्या. २०१९ मध्ये तिथेच मुलांचं वेगळं म्युझियमही झालं. म्हणजे कल्पना मराठी मुलखात आलेली आहे, ती वऱ्हाडात यायला हवी एवढंच.

यात पैसा कुणाचा जाईल आणि कुणाला मिळेल, तेही बघा. वऱ्हाडात मातीकाम करणारी घरं पोळ्याचे बैल, मग गणपती, मग भुलाबाई, मग दिवाळीच्या पणत्या अशा क्रमानं वर्ष काढतात. गणपतीत प्लास्टरच्या मूर्तींनी त्यांचा धंदा खाल्ला, पणत्यांत साच्याच्या मालानं. भुलाबाईची जोडी त्यांच्याकडून घेणारं गिऱ्हाईक कमी झालं की कारागीर ती करणं सोडतो आणि एकदा सोडलं की मुलाला शिकवत नाही. ससोबाचं तेच झालं होतं. बीजिंगमध्ये त्याला वाचवलं ते भावनेनं कमी आणि ऑर्डरनं जास्त. शाळांनी, म्युझियमनं मूर्ती विकत घेतल्या, न रंगवलेल्या मूर्ती कार्यशाळेला मागवल्या, म्हणून कारागिराला पुढच्या वर्षी माती मळाविशी वाटली. अकोल्यातल्या शंभर शाळांनी प्रत्येकी वीस कच्च्या भुलाबाई घेतल्या तर दोन हजार होतात. दोन-तीन घरांचा हंगाम निघू शकतो.

यंदाचं वर्ष तर असंच गेलं. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीन कुजलं, कापसाची बोंडं काळी पडली, आणि कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी, ७ ऑक्टोबरला, राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं मदत पॅकेज जाहीर केलं. सुगीचा सण, पण सुगीच नाही. अशा वर्षी खेड्यातल्या पोरींनी धांड्यांचा मखर केला असेल तर तो बहुधा शेजारच्या शेतातून मागून आणलेल्या पाच धांड्यांचा.

पुढच्या वर्षीच्या तारखा लिहून ठेवा. २०२६ मध्ये मध्य-शरद सण २५ सप्टेंबरला आहे, त्याच दिवशी आपल्याकडे अनंत चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी, २६ सप्टेंबरला, भाद्रपद पौर्णिमा, म्हणजे तिकडे मूनकेक संपत असतील तेव्हा इकडे भुलाबाई बसेल. कोजागिरी २५ ऑक्टोबरला, आणि रविवार आहे. तोवर घरातल्या आजीची, आत्याची, मावशीची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करायला अकरा महिने मिळतात. करताना गावाचं नाव आणि वर्ष सांगायला लावा, कारण अकोटचं गाणं आणि दर्यापूरचं गाणं एकच असेलच असं नाही.